हातात की ट्रायपॉडवर

४ जून

टिटवे,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कोपऱ्यात टाकशील, म्हणून वरचा पत्ता वहिनीकडून लिहून घेतलाय. म्हणजे तुझ्या आईलाही यात गोवलं. तिच्यावर चिडू नकोस, आत काय आहे ते तिला ठाऊक नाही. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, तेव्हा दुसरा इलाज नव्हता.

रडगाणं गाणार नाही. कामाचं पत्र आहे. वहिनी सांगत होती की तू तिकडे एका मोठ्या दुकानात कॅमेरे विकतेस. तर आजपासून मी गिऱ्हाईक. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला हाकलून देत नाहीत, एवढा नियम तुमच्याही दुकानात असेलच.

माझा कॅमेरा गेला. अकरा वर्षं चालला. आता शटर मधेच अडकतं आणि दुरुस्तीवाला म्हणतो, बाई, याला आता सुखाने जाऊ द्या. नाट्यगृहात नवं नाटक येतंय. वीस सप्टेंबरला पहिला प्रयोग आहे आणि फोटो नेहमीप्रमाणे मलाच काढायचेत. दोन कॅमेऱ्यांवर येऊन गाडी अडलीय. एकाला मी थोरला म्हणते, दुसऱ्याला धाकटा, कारण त्यांची खरी नावं म्हणजे नुसते आकडे आणि मला ते पाठ होत नाहीत.

थोरल्याचा सेन्सर काय सांगू! चाचणी घेणाऱ्यांनी त्याला शंभरात शहाण्णव दिलेत. काळोखात कोळसा ठेवला तरी त्याच्या कडा दाखवेल. पण अंगाने जड आणि बाकी नखरे काही नाहीत. धाकट्याच्या सेन्सरला एक्क्याऐंशी. अंधारात चित्रावर दाणे येतात. पण त्याचा पडदा दुमडतो, आवाज न करता फोटो निघतो आणि आत काहीतरी यंत्र बसवलंय, कॅमेरा हलला तर सेन्सर आतल्या आत उलटा हलून ते सांभाळून घेतो म्हणे. असली लाड करणारी यंत्रं मला कधीच आवडली नाहीत, हे तुला माहीत आहे.

मी काय म्हणणार तेही तुला माहीत आहे. सेन्सर म्हणजे डोळा. डोळा चांगला हवा, बाकी दागिने. सव्वीस वर्षं हेच म्हणत आले. तरी एकदा दुकानदाराचं मत घ्यावं म्हटलं.

झालं गेलं त्याबद्दल या पत्रात काही लिहीत नाही. अक्षर बघून नाक मुरडू नकोस. पेन फुटकं आहे आणि टेबल डुगडुगतं.

तुझी आत्या


१९ जून

टिटवे,

उत्तर मिळालं. उत्तर कसलं, दुकानाचा छापील तक्ता! वर शिक्का, खाली शिक्का आणि मधे तुझं एक अक्षर नाही. पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा, म्हटलं एखादी चिठ्ठी चिकटून राहिली असेल. वहिनी म्हणाली, अहो, फाटेल ते.

पण तक्ता मी वाचला. दोन्ही कॅमेऱ्यांच्या बारा-बारा ओळी. वजन, बॅटरी, किती कार्डं बसतात, पावसाचे थेंब चालतात का, पडदा दुमडतो का. आणि त्या बारांत सेन्सर एक ओळ! तीसुद्धा पाचवी! हे म्हणजे स्थळ बघायला जावं आणि मुलगा कसा आहे ते पाचव्या नंबरला विचारावं. कोणी केला हा तक्ता? तू केला असशील तर मी तुला काहीच शिकवलं नाही.

खाली तीन प्रश्न आहेत, प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचे. ते गंभीरपणे घेते आणि उत्तरं देते.

पहिला, कशाचे फोटो काढणार. नाटकाचे. जिवंत माणसांचे, जी दुसऱ्यांदा तसंच करत नाहीत.

दुसरा, कोणत्या उजेडात. तुला माहीत आहे कोणत्या. फ्लॅश मारायचा नाही, बल्ब मोजकेच आणि दिग्दर्शकांना अंधाराचं वेड. ज्या नटीला सगळं नाट्यगृह बाई म्हणायचं, त्यांच्या त्या नाटकात शेवटी एकच दिवा उरायचा. चार खिडक्या एकेक करून लावायच्या आणि येऊन खुर्चीत बसायच्या. चाळीस आकडे मोजून होईपर्यंत पापणी हलवायच्या नाहीत. त्या उजेडात सेकंदाच्या तिसाव्या भागापेक्षा जलद शटर ठेवलं की चित्र काळं. अशा ठिकाणी सेन्सर चांगला नसेल तर माणसाच्या गालावर वाळू ओतल्यासारखी दिसते. म्हणून मी सेन्सर सेन्सर करते, हट्ट म्हणून नाही.

तिसरा, कॅमेरा हातात धरणार की ट्रायपॉडवर. हातात. नेहमीच हातात. तिसऱ्या रांगेत ट्रायपॉड मांडला तर मागचे लोक आपल्याला उचलून बाहेर ठेवतील.

आणखी काय लिहू? आमच्या गल्लीतल्या दुकानात दोन्ही कॅमेरे हाताळायला गेले होते. दुकानदार म्हणाला, बसून बघा ना, आणि स्टूल पुढे केलं. मला काय धाड भरलीय? उभ्यानेच बघितले. तुझी आई हल्ली माझा चहा अर्धाच कप ओतते. विचारलं तर म्हणते, साखर कमी करायचीय ना तुम्हाला. चहा कमी केल्याने साखर कमी होते हे गणित मला काही पटलेलं नाही.

हे पत्र टाइप केलंय. हल्ली सगळेच करतात.

आत्या


७ जुलै

टिटवे,

या वेळी एक ओळ आली. माझंच पत्र तू परत पाठवलंस, तिसऱ्या उत्तराभोवती लाल पेनने गोल काढून, आणि खाली लिहिलंस, "हे उत्तर नीट द्या, म्हणजे कॅमेरा सुचवता येईल."

द्या! आत्याला अहो-जाहो कधीपासून? सात वर्षांची असताना मला 'ए आत्ये' म्हणून गल्लीच्या टोकावरून हाका मारायचीस, तेव्हाच टिटवी हे नाव पडलं. असो. गिऱ्हाईक म्हणवून घेतलं ते मीच. भोगा आता.

तुझा गोल बघून मला राग आला आणि रागातच मी गल्लीतल्या दुकानदाराकडून दोन्ही कॅमेरे एका दिवसासाठी मागून घेतले. तालमीच्या खोलीत गेले. दुपार होती, पडदे ओढलेले, एक दिवा लावून घेतला. नव्या नाटकातला एक नट खुर्चीत बसवला आणि सांगितलं, बाबा रे, हलू नकोस. तो बिचारा श्वास धरून बसला.

आधी थोरला. पंधरा फोटो. रंग असे की बघत राहावं. काळ्या कोटावरची काळी शिवण वेगळी दिसत होती, तुझी शपथ. पण नटाला दोन-दोन नाकं. पंधराच्या पंधरा फोटोंत. मी त्याला म्हटलं, हलतोस काय? तो म्हणाला, नाही हो, मी तर मेल्यासारखा बसलोय.

मग धाकटा. गालावर दाणे होते, मी म्हटलं होतं तसेच. पण नाक एक. पापणीचे केस मोजता आले. मग मी आतलं ते यंत्र बंद करायचं बटण शोधलं. बंद केलं आणि पुन्हा काढले. पुन्हा दोन नाकं.

नटाने विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं. त्याला जायला सांगितलं आणि त्याच्याच खुर्चीत बसून राहिले.

टिटवे, माझे हात थरथरतात. लिहून टाकलं. कप धरताना, किल्ली लावताना, पेन धरताना. मांडीवर ठेवले की गप्प असतात, काही उचललं की सुरू. डॉक्टरांकडे जाऊन आले, तुझी आई बरोबर होती. ते म्हणाले, जिवाला धोका नाही, पण बरंही होत नाही. गोळ्यांनी थोडं कमी होतं. आणि म्हणाले, हे घराण्यात उतरतं.

मला ते सांगायची गरज नव्हती. तुझ्या आजोबांना तू पाहिलं नाहीस. घड्याळजी होते. चिमट्याने केसाएवढा स्क्रू उचलायचे. पंचेचाळिशीनंतर ते हात खिशात घालून बसायला लागले. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, ठेवून जा, सवडीने बघतो. घड्याळं साठत गेली आणि लोक आपापली उचलून नेऊ लागले. शेवटी दुकानात भिंतीवरची तेवढी टिकटिकत राहिली. त्यांनी मरेपर्यंत आम्हा भावंडांना खरं कारण सांगितलं नाही आणि मी त्यांच्यावर फार चिडायची, की मुलांशी तरी खरं बोलावं माणसाने.

म्हणून तुला सांगणं भाग होतं. तुला होईलच असं नाही. पण ठाऊक असावं.

केव्हापासून, असं तू विचारशील. दोन वर्षं झाली.

आता तू बोटांवर मोजशील. मोज.

आत्या


२३ जुलै

टिटवे,

पंधरा दिवस वाट बघितली. तुझं काही आलं नाही. बरोबर आहे. अर्धं सांगून मी गप्प बसले आणि उरलेलं तू मोजून घे म्हटलं. सगळं आयुष्य लोकांना नीट बघायला सांगितलं आणि स्वतःची पाळी आली की डोळे मिटून दूध प्यायची सवय.

तर आता मी मोजते. आजपासून सोळा महिने मागे गेलं, की गेल्या वर्षीचा मार्च येतो, आणि हात त्याच्याही आठ महिने आधीपासून थरथरत होते. बाईंचा शेवटचा प्रयोग. तो शेवटचा आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सतरा दिवसांनी त्या गेल्या.

त्या दुपारी तू मला म्हणालीस, "आत्या, आज तू वर बाल्कनीत जा, छोटा कॅमेरा घे. मी पुढे बसते." किती साधेपणाने म्हणालीस. तू हातांबद्दल चकार शब्द काढला नाहीस. आणि मी काय म्हटलं? "नाचता येईना अंगण वाकडं. खेळण्याने फोटो येत नाहीत म्हणून माझा कॅमेरा हवाय होय तुला?" मेकअप करणाऱ्या मुली हसल्या. तू लाल झालीस आणि तुझं ते खेळणं घेऊन वर गेलीस.

मला कळलं होतं तू असं का म्हणालीस ते. त्याच सकाळी माझ्या हातून लेन्सचं झाकण दोनदा पडलं होतं आणि दोन्ही वेळा तू उचललं होतंस.

मी तिसऱ्या रांगेत बसले. मोठा सेन्सर, मोठी लेन्स. बाईंनी खिडक्या लावल्या, बसल्या, चाळीस आकडे. मी सव्वीस फोटो घेतले. एकही धड नव्हता. दुसऱ्या दिवशी संगणकावर बघितले तेव्हा बाईंच्या चेहऱ्याचे दोन चेहरे झालेले आणि खुर्चीला सहा पाय. आणि तुझ्या कार्डात वरून काढलेले नऊ. दाणेदार. पण एक असा होता, की बाई बंद खिडकीकडे बघतायत आणि आता कुठल्याही क्षणी उठून ती पुन्हा उघडतील असं वाटतं. मी तो बघितला आणि मला आनंद झाला नाही. शिकवणारीला आनंद व्हायला हवा ना? मला भीती वाटली.

सतरा दिवसांनी बाई गेल्या आणि नाट्यगृहाचे मॅनेजर धावत आले. शेवटच्या प्रवेशाचा फोटो प्रवेशद्वारातल्या दालनात मोठा करून लावायचा म्हणून. मी सगळे एकत्र दाखवले. ते हललेल्या फोटोंवर थांबले आणि त्यांचा आवाज चढला. "बाईंचा शेवटचा प्रवेश, आणि पुढून एक फोटो नीट नाही? कोणी काढलेत हे?"

आणि मी म्हटलं, "भाचीने."

मग त्यांनी तो एक बघितला, वरून काढलेला. "आणि हा?"

मी म्हटलं, "मी."

तू दारात उभी होतीस. हातात लेन्सचं झाकण होतं. मॅनेजर तुला म्हणाले, "बाई परत येणार नाहीत, कळतंय का तुला?" आणि दरवानाला सांगितलं, हिला पुन्हा कॅमेरा घेऊन आत सोडायचं नाही. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मग माझ्या हातांकडे. मी ते टेबलाखाली घेतले.

प्रत्येक फोटोच्या पोटात तो कुठल्या कॅमेऱ्याने काढला ते लिहिलेलं असतं. तू एक बटण दाबून दाखवू शकली असतीस. तू दाबलं नाहीस. नऊ दिवसांनी सामान बांधून निघून गेलीस आणि मी वहिनीला सांगितलं, तरुण मुली, एवढ्या तेवढ्यावरून रुसतात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आणि वर संन्यासी रुसला म्हणून गाऱ्हाणं!

तुझा फोटो दालनात लागलाय. माणसाएवढा. खाली पितळी पट्टीवर माझं नाव आहे. मी रोज बाजूच्या दाराने आत जाते, म्हणजे त्याच्यासमोरून जावं लागत नाही.

कॅमेऱ्याचा प्रश्न खोटा होता. म्हणजे पूर्ण खोटा नव्हता, नाटक खरंच आहे. पण मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि कॅमेरा सोडून दुसरं काही बोलता येत नाही मला. मोठ्या सेन्सरला मी अजूनही मोठाच म्हणते. तो असतो तेवढा उजेड खरा खरा घेतो. पण त्याला धरणारा हात खोटा बोलत असेल तर शंभरात शहाण्णव घेऊन काय करायचं?

माफी मागते. तू ती दिली पाहिजेस असं नाही.

आत्या


११ ऑगस्ट

टिटवे,

तुझं उत्तर नाही. हे उत्तरासाठी लिहीत नाहीये, काय केलं ते कळवायला लिहितेय.

चार दिवसांपूर्वी मुख्य दाराने आत गेले. मॅनेजरांना दालनात बोलावलं आणि फोटोसमोर उभं राहून सगळं सांगितलं. कॅमेऱ्याचं नाव कुठे दिसतं ते त्यांच्याच संगणकावर दाखवलं. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "मी त्या पोरीला काय काय बोललो हो." मग म्हणाले, "आणि तुम्ही ऐकत बसलात." मी हो म्हटलं.

पट्टी तिथल्या तिथे उतरवली. नवी करायला दिलीय. तोवर फोटोखाली स्क्रूची चार भोकं दिसतात. जाणारे-येणारे विचारतात आणि दरवान काय सांगतो मला माहीत नाही.

नव्या नाटकाचं काम मी सोडलं. त्यांनी थांबा म्हटलं नाही. तुझा दुकानाचा नंबर त्यांना दिलाय, त्यांना तुझ्याशी स्वतः बोलायचंय. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, माझ्यासाठी येऊ नकोस आणि माझ्यासाठी नाही म्हणू नकोस. मी त्या दिवशी घरी असेन.

कॅमेरा नको. गिऱ्हाईक मोडलं म्हणून तुमच्या तक्त्यावर लिही.

दालनातून बाहेर आले तेव्हा वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठून आत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिची मुलगी आहे. तिसऱ्या दिवशी चहा आणला, पूर्ण कप भरून. सांडला तेव्हा फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पुसा."

आत्या


२४ सप्टेंबर

टिटवे,

हे पत्र पेनने लिहितेय. तीन दिवस लागले. टेबल डुगडुगत नाही. कधीच डुगडुगत नव्हतं.

मॅनेजरांचा फोन आला की भाची येतेय पण तिची एक अट आहे. मला वाटलं, अट असणार की आत्याने नाट्यगृहाच्या आसपासही फिरकू नये. मी मनातल्या मनात हो म्हणूनही टाकलं होतं. ते म्हणाले, "ती म्हणतेय, बाल्कनीत आत्या असेल तरच येते." मी दोनदा विचारलं, नीट ऐकलंत ना?

तू आलीस तेव्हा मला धड नमस्कारही केला नाहीस, ते ठीक. थोरला घेऊन आलीस. माझ्याकडे बघून म्हणालीस, "सेन्सर चांगला आहे, तेवढं तुझं बरोबर होतं." आणि लेन्स बसवायला लागलीस. मी तुझ्या हातांकडे बघत होते. तुला कळलं. "बघू नकोस," म्हणालीस, "मीच रोज सकाळी बघते." टिटवे, त्या वाक्यावर मला जे वाटलं ते माझ्या पेनात मावत नाही. ते भय तुला माझ्याकडून मिळालं. तुला सांगण्यावाचून मार्ग नव्हता, हे पटूनही बोचतं.

मग आपण दालनात गेलो. नवी पट्टी तू वाचलीस. स्वतःचं नाव इतका वेळ वाचणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. बोट एकदा त्यावरून फिरवलंस. तेव्हाच विचारलं मी, तू त्या दिवशी बटण का दाबलं नाहीस म्हणून.

"मी वाट बघत होते," तू म्हणालीस, "तू सांगशील म्हणून. आधी एक मिनिट. मग नऊ दिवस. मग सोडून दिलं."

"आणि आता?"

"आता माफ-बिफ म्हणू नकोस, आत्या. मला ते अजून येत नाही. फोटो येतात, ते काढू."

मग वर बाल्कनीत नेलंस आणि पिशवीतून ते तुझं जुनं खेळणं काढलंस. बाईंचा फोटो ज्याने निघाला तेच. कोपरे घासलेले, पट्टा उसवलेला. मी म्हटलं, "हा मला देतेस?" तू म्हणालीस, "दाखव हात." मी खिशातच ठेवले होते. मला आठवलं की तुझे आजोबाही असेच बसायचे. मग काढले बाहेर. ते नेहमी जे करतात तेच करत होते आणि तू बघत होतीस, या वेळी मी टेबलाखाली नेले नाहीत.

त्यातही धाकट्यासारखं सांभाळून घेणारं यंत्र होतं, ते तू सुरू केलंस. कॅमेरा माझ्या हातात ठेवलास आणि माझी कोपरं धरून लोखंडी कठड्यावर टेकवलीस. "श्वास सोड. पूर्ण सोड. मग दाब." हे मीच तुला शिकवलं होतं, तू बारा वर्षांची असताना. तेव्हा तुझी कोपरं मी धरली होती. तुला आठवलं की नाही कोण जाणे, तू तशीच खाली निघून गेलीस.

प्रयोगात मी एकशे चाळीस फोटो घेतले. नव्वद टाकण्याजोगे आहेत. यंत्र सांभाळून घेतं, पण किती म्हणून सांभाळेल? हेही तुमच्या तक्त्यात लिहायला हवं. बाकीचे बरे आहेत. दाणे आहेत. दाणे असू देत.

प्रयोग संपल्यावर तू माणसांच्या गर्दीतून हात वर केलास आणि स्टेशनकडे गेलीस. मी धावत खाली आले नाही. पाय चांगले आहेत माझे, येता आलं असतं. पण तू थांबली नाहीस, म्हणजे तुला थांबायचं नव्हतं. पुन्हा येशील की नाही ते मी विचारत नाही. कॅमेरा परत पाठवायचा असेल तर सांग, नसेल तर काही सांगू नकोस.

पाकिटात एक फोटो ठेवलाय. नाटकाचा नाही. वरून, बाल्कनी रंगमंचाकडे वळते त्या टोकावरून घेतलाय. रंगमंच जवळजवळ काळा आहे आणि तिसऱ्या रांगेत तू बसलीयस, डोळ्याला कॅमेरा लावून, माझ्या जागेवर. दाणे इतके आहेत की चाचणी घेणारे एकवीस मार्क देतील. पण तुझ्या कपाळावरची आठीसुद्धा दिसते, लहानपणापासूनची, काहीतरी नीट बघताना पडते ती.

फोटोच्या मागे, तो मी काढलाय म्हणून, माझं नाव घातलंय. स्वतःच्या हाताने. वाचता आलं नाही तर आईला विचार, तिला आता माझं अक्षर लागतं.

आत्या